सोंगाड्याचा संताप आणि पक्षाचा प्रेक्षक

राजकीय विनोदाविषयी महाराष्ट्रात दोन समजुती एकाच वेळी नांदतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. पहिली समजूत अशी की हसणारा माणूस थोडा सैल होतो, आणि जे भाषणाने, अग्रलेखाने किंवा आकडेवारीने त्याच्या गळी उतरत नाही ते सोंगाड्याच्या एका टोल्याने उतरते. त्यामुळे खरा बोचरा उपहास पक्षांची कुंपणे ओलांडून पलीकडच्या माणसापर्यंत पोहोचतो. दुसरी समजूत नेमकी उलटी आहे. ज्याला आपला नेता प्रिय आहे तो त्या नेत्यावरच्या विनोदाला हसत नाही, विरोधकावरच्या विनोदाला मात्र पोट धरून हसतो, आणि म्हणून राजकीय विनोद ही अखेर आपापल्या गोटातली करमणूक ठरते. या दोहोंपैकी खरे काय, हा प्रश्न धुळे-जळगावच्या, म्हणजे खान्देशच्या, संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे, कारण या प्रदेशाला तमाशाची दीर्घ परंपरा आहे, इथल्या राजकीय निष्ठा प्रखर आहेत, आणि नेत्यांची पक्षांतरे इथल्या मतदाराने वारंवार जवळून पाहिली आहेत.

प्रथम संज्ञांचा उलगडा करणे आवश्यक आहे. थट्टा म्हणजे ज्याची केली जाते त्यालाही हसता येईल असा विनोद. उपहास म्हणजे दोष उघडा पाडण्यासाठी केलेला विनोद. आणि संतप्त उपहास म्हणजे जिच्यात हसवण्याची कला पूर्ण वापरली जाते, पण जिचे मूळ अन्यायाच्या चिडीत असते अशी मांडणी. प्राचीन रोममध्ये होरेस आणि ज्युवेनल या दोन कवींमुळे हा भेद रूढ झाला: इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला होरेस माणसांच्या खोडींकडे हसत पाहतो, तर त्याच्यानंतर सुमारे शतकभराने आलेला ज्युवेनल संतापालाच आपल्या कवितेची प्रेरणा मानतो. मराठीला या दोन्ही वाटा परक्या नाहीत. एकनाथांच्या सोंगी भारुडांत माणसाच्या वेडेपणाचे सोंग आणून त्याला हसत हसत शहाणे करण्याचा प्रयत्न आहे, तर दांभिकांवर तुटून पडणाऱ्या तुकारामांचा स्वर रागाचा आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी वाट आहे, कारण सौम्य थट्टेला बहुतेक नेते सरावलेले असतात आणि ती त्यांना हवीही असते. निष्ठेची खरी कसोटी लागते ती संतापाच्या वेळी.

खान्देशात पक्षनिष्ठा ही कल्पना जपून वापरावी लागते. येथे नेता ‘भाऊ’, ‘दादा’, ‘अण्णा’, ‘नाना’ किंवा ‘आप्पा’ असतो आणि कार्यकर्त्याचे नाते आधी त्या माणसाशी, मग त्याच्या झेंड्याशी असते. सुरेशदादा जैन १९८० च्या दशकापासून २०१४ पर्यंत जळगाव शहराच्या राजकारणावर वर्चस्व राखून होते आणि या काळात त्यांनी एकाहून अधिक पक्ष बदलले. दादांचा मतदार त्यांच्यासोबत राहिला. जवळपास चार दशके भारतीय जनता पक्षात घालवलेल्या एकनाथ खडसे ऊर्फ नाथाभाऊ यांनी २०२० मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये प्रवेश केला. धुळ्याचे अनिल गोटे हे भारतीय जनता पक्षाचे आमदार असतानाच २०१८ च्या महापालिका निवडणुकीत स्वतःच्याच पक्षाविरुद्ध ‘लोकसंग्राम’च्या झेंड्याखाली उभे ठाकले. जळगाव महापालिकेत २०१८ साली ७५ पैकी ५७ जागा जिंकणाऱ्या पक्षातले नगरसेवक मार्च २०२१ मध्ये फुटले आणि महापौरपद शिवसेनेकडे गेले. अशा प्रदेशात पक्षावर केलेला उपहास फारसा कोणाला लागत नाही, पण भाऊंवर किंवा दादांवर केलेला उपहास घरातल्या वडीलधाऱ्याचा अपमान केल्यासारखा लागतो. संतप्त विनोदाला येथे जी भिंत ओलांडायची असते ती विचारसरणीची कमी आणि आदराची व उपकाराची अधिक असते. अडीअडचणीला दवाखान्यात फोन करणारा, मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकणारा, लग्नाला आणि अंत्ययात्रेला हजर राहणारा माणूस रंगमंचावर हास्यास्पद झालेला पाहणे हे त्याच्या माणसांना सहन होण्याजोगे नसते, आणि त्यात त्यांची केवळ अंधभक्ती आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल.

ही भिंत ओलांडण्याची एक रीत तमाशाने शतकभरापूर्वीच शोधून ठेवली होती. पारंपरिक तमाशात गण आणि गवळण झाल्यावर बतावणी येते आणि शेवटी वग सादर होतो. वग म्हणजे कथानक असलेले नाट्य. बतावणी म्हणजे सोंगाड्या आणि सरदार यांच्यात रंगणारी, बरीचशी आयत्या वेळी रचलेली प्रश्नोत्तरे. वगाची संहिता लिहून काढता येते आणि म्हणून सरकारी परिनिरीक्षणाच्या, म्हणजे प्रयोगापूर्वीच्या तपासणीच्या, कक्षेत येते. बतावणी मात्र त्या गावात, त्या रात्री, समोर बसलेल्या माणसांकडे पाहून घडते, त्यामुळे ती कागदावर सापडत नाही. भिका-भीमा सांगवीकर किंवा आनंद महाजन जळगावकर यांच्या फडांची नावे ज्या खान्देशी प्रेक्षकाच्या ओठांवर आहेत, त्याला बतावणीचे हे सामर्थ्य समजावून सांगावे लागत नाही. सोंगाड्या गावात पाऊल ठेवल्यावर सरपंच कोण, सोसायटीचा चेअरमन कोण, रस्ता कधी मंजूर झाला आणि कधी उखडला याची चौकशी करतो आणि रात्री ती सारी माहिती अज्ञानाचे सोंग घेऊन परत करतो.

या रीतीचे सर्वांत महत्त्वाचे अंग मात्र कलेत नसून पैशाच्या व्यवस्थेत आहे. जत्रेतल्या तमाशाची सुपारी, म्हणजे प्रयोगाचा ठरलेला मोबदला, यात्रा-समिती देते आणि ती रक्कम गावाच्या लोकवर्गणीतून उभी राहते. वर्गणी सर्वांची असल्याने प्रेक्षकही सर्व गटांचा असतो. ज्याने गेल्या निवडणुकीत एका पॅनेलसाठी जीव टाकला तो आणि ज्याने त्याच्या विरोधात प्रचार केला तो असे दोघेही एकाच मैदानात बसलेले असतात. सोंगाड्याने एकाच बाजूला झोडपले तर अर्धे मैदान उठून जाईल आणि पुढच्या वर्षी सुपारी मिळणार नाही, म्हणून त्याला प्रत्येकाला त्याच्या वाट्याचा टोला द्यावाच लागतो. निष्ठावंताला आपल्या नेत्यावरचा टोला पचतो तो याच कारणाने, कारण पुढचा टोला समोरच्या नेत्यावर पडणार आहे याची त्याला खात्री असते, आणि एकदा का तो दुसऱ्याच्या फजितीवर मोकळेपणाने हसला की स्वतःच्या फजितीच्या वेळी गप्प बसणे त्याला चारचौघांत शोभत नाही. तमाशातला विनोद पक्षातीत होतो तो सोंगाड्याच्या तटस्थ वृत्तीमुळेच असे नाही. प्रेक्षक मिश्र असतो, तो एकत्र बसलेला असतो आणि एकमेकांची तोंडे पाहत असतो, या परिस्थितीचा त्यात फार मोठा वाटा आहे.

दुसरी गोष्ट विषयाची. खान्देशातील काही प्रश्न असे आहेत की त्यांच्यावरचा संताप कोणत्याही एका पक्षाच्या पदरात टाकता येत नाही. कापसाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून भाव, मोजमाप आणि चुकारे हे खान्देशातल्या राजकारणाचे कायमचे विषय झाले. डिसेंबर १९८० मध्ये विरोधी पक्षात असलेल्या शरद पवारांनी जळगावहून नागपूरच्या विधानभवनाकडे शेतकऱ्यांची दिंडी काढली. पुढे ते पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि २००४ ते २०१४ या काळात देशाचे कृषिमंत्री होते. त्यांच्या पक्षाच्या सत्ताकाळात, २०११ साली, विरोधी आमदार असलेल्या गिरीश महाजनांनी कापसाच्या भावासाठी जामनेरला उपोषण केले. पुढे तेही मंत्री झाले. जो विरोधात असतो तो कापसासाठी रस्त्यावर येतो आणि सत्तेत गेल्यावर बाजारभावाची व आंतरराष्ट्रीय मंदीची कारणे सांगतो, हा क्रम इतक्या वेळा घडला आहे की त्यावरचा उपहास ऐकताना कोणत्याही पक्षाच्या शेतकऱ्याला त्यात आपली घरी पडून राहिलेली कापसाची रास दिसते. अमळनेर तालुक्यातील पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्प दोन दशकांहून अधिक काळ रखडला, गिरणा नदीवरील बलून बंधाऱ्यांची घोषणा अनेक निवडणुकांत ऐकू आली, आणि मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाचे आश्वासन धुळेकरांच्या कित्येक पिढ्यांनी ऐकल्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला १८,०३६ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. वाट पाहण्याचा हा अनुभव सर्वांचा सारखा आहे, म्हणून त्यावरचा राग पक्षाची ओळख विचारत नाही.

धुळ्यापासून जवळच असलेल्या मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या तरुणांनी तयार केलेल्या ‘मालेगाव का सुपरमॅन’ या विडंबनपटाचे रहस्यही हेच आहे. त्यातला खलनायक शहरात घाण आणि तंबाखूचे राज्य आणू पाहतो आणि नायकाला तुंबलेल्या गटारांशी झुंजावे लागते. गटार कोणत्या नगरसेवकाच्या प्रभागातले, हे विचारण्याची गरज प्रेक्षकाला वाटली नाही.

संतप्त उपहासाचा इतिहास मात्र इतका निर्मळ नाही, कारण महाराष्ट्रातला बराचसा तीक्ष्ण राजकीय विनोद चळवळींच्या आणि पक्षांच्या पोटीच जन्मला. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला, बतावणीतल्या सोंगाड्याला भटशाहीविरुद्ध प्रश्न विचारायला लावले आणि खेड्यापाड्यांतल्या निरक्षर समाजापर्यंत फुले यांचा विचार नेला. १९३० च्या दशकात नाशिक भागातून भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा पुढे आला. या जलशांचे एक वैशिष्ट्य आजही शिकण्यासारखे आहे: ते सवर्णांच्या अन्यायावर जितके तुटून पडत तितक्याच कठोरपणे स्वतःच्या समाजातील व्यसन, अंधश्रद्धा आणि शिक्षणाविषयीची उदासीनता यांनाही धारेवर धरत. ज्याने आधी आपल्या माणसांना सुनावले आहे त्याने परक्याला सुनावलेले ऐकून घेतले जाते. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, जेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी मुक्कामी होते, दरवर्षी त्या तारखेला मोठा समुदाय जमतो आणि भीमगीते गायली जातात. जलशातला स्वतःकडे वळलेला तो कठोर विनोद त्या गर्दीत पुन्हा ऐकू आला तर ती परंपरेची खरी जपणूक होईल.

अण्णाभाऊ साठे यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेले लाल बावटा कलापथक हे उघडपणे कम्युनिस्ट पक्षाचे कलापथक होते, आणि खान्देशशी त्यांचा संबंध अमळनेरच्या गिरणी कामगारांवरील गोळीबारात बळी पडलेल्या हुतात्म्यांवर त्यांनी रचलेल्या पोवाड्याने जोडला गेला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ या त्यांच्या लोकनाट्यांत सावकार, व्यापारी आणि मंत्री यांची जी फजिती होते तिला काँग्रेसचा खेडूत मतदारही हसला असणार, कारण सावकाराच्या वहीत त्याचेही नाव होते. मुंबई राज्याच्या सरकारने तमाशावर निर्बंध आणले तेव्हा अण्णाभाऊंनी आपल्या तमाशाला लोकनाट्य म्हटले आणि काम चालू ठेवले. परंतु त्यांच्या विनोदाने स्वतःच्या पक्षाला तितक्या कठोरपणे क्वचितच तपासले, हेही नमूद करायला हवे. पक्षातून आलेला उपहास पक्षाबाहेर पोहोचू शकतो, पण तेवढ्याने तो पक्षातीत होत नाही. हे दोन वेगळे गुण आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी केली जाते.

सत्तापालटानंतर उपहासकार काय करतो, यावरून त्याच्या संतापाचे मूळ कळते. ‘मार्मिक’ या व्यंगचित्र-साप्ताहिकाचे प्रकाशन १३ ऑगस्ट १९६० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले; ज्याच्यावर कुंचला चालणार होता त्यानेच त्याचे स्वागत केले, ही त्या काळाची उदारता होती. त्याच साप्ताहिकाच्या पानांवरून सहा वर्षांनी शिवसेना उभी राहिली आणि महाराष्ट्रातला एक अत्यंत समर्थ उपहासकार, बाळासाहेब ठाकरे, पक्षप्रमुख झाला. ‘विच्छा माझी पुरी करा’च्या प्रयोगांत रोजच्या राजकारणावर आयत्या वेळी कोट्या करणारे दादा कोंडके पुढे शिवसेनेच्या व्यासपीठावर गेले. दोघांच्या प्रतिभेविषयी शंका नाही, पण सोंगाड्या एकदा एका तंबूत कायमचा राहू लागला की बाकीच्या तंबूंत त्याच्या बोलण्याचा अर्थ बदलतो. याउलट आचार्य अत्रे यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पंडित नेहरूंवर ‘मराठा’तून घणाघाती टीका केली आणि १९६४ मध्ये नेहरूंचे निधन झाल्यावर त्यांच्यावर अग्रलेखांची जी मालिका लिहिली ती ‘सूर्यास्त’ या नावाने ग्रंथरूप झाली. पु. ल. देशपांडे यांनी आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसविरुद्ध सभा गाजवल्या, सत्ता बदलल्यावर कोणतेही पद न घेता ते आपल्या लेखनाकडे परतले, आणि १९९६ मध्ये शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने दिलेला पहिला महाराष्ट्रभूषण पुरस्कार स्वीकारताना त्याच सत्ताधाऱ्यांच्या दंडेलीच्या भाषेविषयी नापसंती व्यक्त केली, ज्याबद्दल त्यांना बाळासाहेब ठाकरे यांचा जाहीर रोष सहन करावा लागला. वीस वर्षांच्या अंतराने दोन विरुद्ध सत्तांना एकाच मापाने मोजणारा हा माणूस म्हणूनच सर्व पक्षांच्या घरांत वाचला जातो.

उपहास मतदाराचे मत बदलतो का, या प्रश्नाचे उत्तर जगात इतरत्रही फारसे आशादायक मिळालेले नाही. इसवी सनापूर्वी ४२४ मध्ये अथेन्सच्या नाट्यमहोत्सवात ॲरिस्टोफेनिसने ‘नाइट्स’ या नाटकातून क्लिऑन या सत्ताधारी नेत्यावर अत्यंत कडवट हल्ला केला. नाटकाला पहिले पारितोषिक मिळाले, आणि काही आठवड्यांतच त्याच नागरिकांनी क्लिऑनला सेनापती म्हणून निवडून दिले. आधुनिक संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. अमेरिकेत १९७१ साली सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेत वंशद्वेषी वृत्तीची टर उडवण्यासाठी आर्ची बंकर हे पात्र उभे केले होते, परंतु विडमार आणि रोकीच यांच्या १९७४ च्या अभ्यासात असे दिसले की ज्यांच्या मनात पूर्वग्रह अधिक होता त्यांना आर्चीच शहाणा वाटत होता. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या २००९ च्या अभ्यासात स्टीफन कोल्बेअर या विनोदकाराच्या कार्यक्रमाविषयी प्रश्न विचारण्यात आले. उदारमतवादी आणि पुराणमतवादी असे दोन्ही प्रेक्षक सारखेच हसले, पण हा माणूस वरवर थट्टा करत असला तरी मनातून आपल्याच बाजूचा आहे असे पुराणमतवादी प्रेक्षकांना वाटण्याची शक्यता अधिक होती. हसणे एकत्र घडते आणि अर्थ वेगवेगळे लागतात. मानसशास्त्रात याला स्वभावकलाचा सिद्धांत म्हणता येईल अशी मांडणी आहे, जिचा आशय असा की ज्याच्याविषयी मनात अप्रीती असते त्याची फजिती जास्त हास्यास्पद वाटते आणि ज्याच्याविषयी प्रीती असते त्याची फजिती हसू येऊ देत नाही.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या घटना या निष्कर्षाला दुजोरा देतात, आणि त्यांत एकही मोठा पक्ष निर्दोष ठरत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यावरचे व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल मुंबईतील एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला शिवसैनिकांनी मारहाण केली. व्यंगचित्रकाराने स्थापन केलेल्या पक्षाच्या हातून हे घडले. मे २०२२ मध्ये शरद पवारांवरील उपहासपर मजकूर समाजमाध्यमावर टाकल्याबद्दल एका अभिनेत्रीला अटक झाली आणि ती महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहिली. तेव्हा सरकार महाविकास आघाडीचे होते. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या रॅप गायकावर पक्षफुटीचा उपहास करणाऱ्या गाण्याबद्दल गुन्हा दाखल झाला. तेव्हा सरकार बदललेले होते. मार्च २०२५ मध्ये विनोदकार कुणाल कामरा यांनी एका जुन्या हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याकडे रोख असलेले विडंबनगीत सादर केले तेव्हा २३ मार्चच्या रात्री खारमधील ‘हॅबिटॅट’ या प्रयोगस्थळाची तोडफोड झाली, आणि पुढील काही दिवसांत खार पोलिसांकडे आणखी गुन्हे नोंदवले गेले, ज्यांतील एक तक्रार जळगावहून आली होती. प्रत्येक वेळी टाळ्या वाजवणारे आणि तक्रार करणारे यांनी फक्त जागा बदलल्या. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घोषणा विरोधी बाकांवर मुक्कामाला असते आणि सत्तेच्या बाजूला ती येत नाही, हे या चार घटनांचे सरळ वाचन आहे.

न्यायालयांनी तुलनेने स्थिर भूमिका घेतली. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्या प्रकरणातून उद्भवलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निर्णय देताना त्यांच्या चित्रांत विनोद फारसा नसल्याचे मत नोंदवले, पण राजद्रोहाचे कलम लावण्याजोगे त्यांत काही नाही हेही स्पष्ट केले. विनोद चांगला असणे ही स्वातंत्र्याची अट नाही, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयां यांच्या पीठाने एका कवितेसंबंधीच्या खटल्यात काव्य, नाट्य आणि उपहास यांमुळे जीवन अर्थपूर्ण होते असे म्हटले, आणि एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कामरा यांना अटकेपासून संरक्षण दिले.

कामरा यांच्या विडंबनाने किती जणांचे मत बदलले, याचे उत्तर बहुधा ‘फार थोड्यांचे’ असे असेल, आणि त्याचे कारण त्यांच्या धारदारपणात शोधणे चुकीचे आहे. त्यांच्या गीतातला पक्षफुटीविषयीचा मुख्य आरोप २०२२ पासून विरोधकांच्या प्रत्येक सभेत घोषणा म्हणून वापरला गेला होता, त्यामुळे तो रंगमंचावर येण्यापूर्वीच एका गटाच्या मालकीचा झाला होता. शिवाय तो प्रयोग लोकांपर्यंत पोहोचला तो मोबाइलच्या पडद्यावर, जिथे प्रत्येकाला त्याच्या आवडीचेच पुढे केले जाते आणि जिथे दोन गटांची माणसे एकमेकांना हसताना पाहत नाहीत. गावच्या मैदानात जी दुसऱ्या बाजूची माणसे शेजारी बसलेली असत ती या व्यवस्थेत दिसेनाशी झाली आहेत. संताप तितकाच खरा आहे, धैर्य तर सोंगाड्याहून अधिक लागले असेल. मिश्र प्रेक्षक तेवढा उरलेला नाही.

खान्देशात याच काळात आणखी एक बदल घडला. विनोदाची जागा नेत्यांनी स्वतः व्यापली. सभेत लोकांना हसवणारा वक्ता ही इथली जुनी आवड आहे आणि गुलाबराव पाटलांसारख्या नेत्यांची लोकप्रियता त्यावर पोसली गेली आहे. परंतु डिसेंबर २०२१ मध्ये बोदवडच्या निवडणूक प्रचारात तेव्हा मंत्री असलेल्या पाटलांनी रस्त्यांची तुलना एका अभिनेत्रीच्या गालांशी केली, राज्य महिला आयोगाने आक्षेप घेतला आणि त्यांना माफी मागावी लागली, तेव्हा सत्तेच्या हातातला विनोद कुठे घसरतो हे दिसून आले. उपहास खालून वर जातो तेव्हा तो दुर्बलाचे शस्त्र असतो. मंत्री रस्त्यावर विनोद करतो तेव्हा रस्त्याचा प्रश्न हशात विरून जातो. दुसरीकडे लोककलावंतांच्या अनेक पथकांना आज शासकीय योजनांच्या प्रसिद्धीचे काम मिळते, आणि ज्याच्या मानधनावर घर चालते त्याच्यावर बतावणी करण्याची अपेक्षा त्या कलावंतांकडून धरणे न्यायाचे नाही.

मिश्र प्रेक्षक आणि वार्षिक संताप यांचे जिवंत उदाहरण पाहायचे तर नागपूरच्या मारबत मिरवणुकीकडे पाहावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या या मिरवणुकीत काळ्या मारबतीचा पुतळा १८८१ पासून आणि पिवळ्या मारबतीचा १८८५ पासून निघत असल्याचे मानले जाते, आणि त्यांच्यासोबत ‘बडगे’ नावाचे पुतळे असतात, ज्यांतून महागाई, भ्रष्टाचार आणि त्या त्या वर्षीचे सत्ताधारी यांच्यावर जहरी टीका केली जाते. शेवटी पुतळे जाळले जातात. ब्रिटिश गेले, काँग्रेसची सरकारे गेली, भाजपची आली, मिरवणूक मात्र ज्याची सत्ता त्याच्यावर रोष धरत राहिली, आणि सर्व पक्षांचे नागपूरकर रस्त्याच्या कडेला उभे राहून ती पाहत आले. दरवर्षी येणारी ठरलेली तारीख, सर्वांच्या मालकीचा रस्ता आणि सत्तेकडे असलेला कायमचा रोख यांमुळे तिथला संताप कोणा एका पक्षाला आपला म्हणता येत नाही.

संतप्त उपहास पक्षनिष्ठा विरघळवतो, हा दावा पुराव्यावर टिकत नाही. तो एवढेच करू शकतो की निष्ठावंताला, निष्ठा न सोडता, आपल्या नेत्याविरुद्धची तक्रार चारचौघांत मान्य करण्याची एक रात्र मिळवून देतो. कापसाच्या भावाने होरपळलेल्या आणि अनेक दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते थोडके नाही, कारण निवडणुकीच्या आदल्या दिवशी मन बदलण्यापेक्षा पाच वर्षे प्रश्न विचारत राहणे लोकशाहीला अधिक उपयोगी पडते. ही रात्र टिकवणे खान्देशातल्या यात्रा-समित्यांच्या हातात आहे. त्यांनी फडाची सुपारी एखाद्या नेत्याच्या देणगीतून न देता पूर्वीप्रमाणे लोकवर्गणीतूनच द्यावी, बतावणी गाळण्याची अट घालू नये, गावातल्या सर्व गटांना पुढच्या रांगांत शेजारी शेजारी बसवावे, आणि सोंगाड्याने आपल्या भाऊंचे, दादांचे, अण्णांचे नाव घेतले तर ते ऐकून घ्यावे.